तंजावरला दोन तास पुरत नाहीत

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी तंजावर पाहिलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. एका यात्रा कंपनीची बस होती, दहा दिवसांत 'संपूर्ण दक्षिण भारत'. सकाळी श्रीरंगम उरकून तंजावरला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजत आला होता. गाभाऱ्याचं दार बंद झालेलं. चपला काढून अंगणात पाय टाकला, तर दगड तव्यासारखा तापलेला. आम्ही सगळे पळत नंदीच्या मंडपात गेलो, सावलीतून शिखराचे फोटो काढले, पाणी प्यायलो, आणि बरोबर दोन तासांनी बस रामेश्वरच्या रस्त्याला लागली.

पुढे शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सांगलीत मोडी लिपीच्या वर्गाला जाऊ लागले. वडिलांच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद होते, ते आपले आपल्याला वाचता यावेत एवढाच हेतू. एका रविवारी सरांनी विचारलं, "तंजावरच्या मंदिरातली मराठी भिंत कुणी पाहिली आहे?" मी हात वर केला. सर ती भिंत कुठे आहे, तिच्यावर काय कोरलंय ते सांगू लागले, तेव्हा कळलं की मी मंदिर पाहिलं होतं, भिंत नाही. माझ्याच भाषेतला एवढा मोठा शिलालेख, आणि मी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर उभी राहून आले होते. ती रुखरुख काही केल्या जाईना.

म्हणून या जानेवारीत पुन्हा गेले. या वेळी एकच गाव, सहा दिवस. बरोबर माझी भाची. ती पुण्यात भरतनाट्यम शिकते, तिला तंजावर तिच्या कारणासाठी बघायचं होतं. मिरजेहून रात्रभराच्या गाडीनं बंगळूर, दिवसभर तिथे एका नातेवाइकांकडे, आणि संध्याकाळी म्हैसूरकडून मायिलादुतुरैला जाणारी गाडी. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर धुकं होतं आणि धुक्याखाली भाताची शेतं. कावेरीचा हा प्रदेश डोळ्यांना पार सपाट दिसतो. आमच्या डोंगरांची सवय असलेल्या नजरेला क्षितिज सापडतच नाही.

दिवस संक्रांतीचा, म्हणजे तिकडचा पोंगल. स्टेशनबाहेर उसाच्या मोळ्या, ओल्या हळदीची पानांसकट रोपं, मातीची आणि पितळेची भांडी. दारोदार तांदळाच्या पिठाचे कोलम, आणि एका दारात तीन विटांच्या चुलीवर नव्या तांदळाचं भांडं. हळदीचं रोप भांड्याच्या गळ्याशी बांधलेलं. दूध उतू गेलं तशी घरातली सगळी माणसं "पोंगलो पोंगल" म्हणून ओरडली. माझ्या पिशवीत घरचा तिळगूळ होता. त्या बाईंच्या हातावर एक वडी ठेवली. भाषा नव्हती, पण सण एकच आहे हे सांगायला तिळाची वडी पुरली. त्यांनी आम्हाला केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम गोड भात दिला. गूळ, तूप, वेलदोडा. प्रवासाचा शीण तिथेच उतरला.

दुसरा दिवस आमच्याकडे किंक्रांतीचा, करीदिनाचा. त्या दिवशी आपण शुभ काम काढत नाही. तिकडे तोच दिवस माट्टुपोंगल, गुराढोरांचा सण. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा. माझं बालपण तासगावजवळच्या खेड्यातलं, त्यामुळे मला लगेच बेंदूर आठवला. आपल्याकडे तो पावसाळ्याच्या तोंडाला, त्यांच्याकडे सुगी हाती आल्यावर. त्या दिवशी मंदिरातल्या त्या प्रचंड नंदीलाही सजवतात, आणि फुलांनी नाही, भाज्यांनी आणि फळांनी. वांगी, भोपळे, गाजरं, केळी, दोडकी यांच्या माळा नंदीच्या गळ्यात आणि पाठीवर. शेतकऱ्यानं आपल्या बैलाला घास भरवावा तशी गावानं दगडाच्या बैलाची पूजा केलेली. सात वर्षांपूर्वी याच नंदीच्या सावलीत मी घाम पुसत उभी होते. तेव्हा तो मला फक्त मोठा दगड वाटला होता.

या मंदिराला गावात 'पेरिय कोविल' म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ. बृहदीश्वर हे नाव पुस्तकात. पहिल्या राजराज चोळानं ते बांधलं, १०१० साली ते पुरं झालं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साठ मीटरांहून उंच, सगळं ग्रॅनाइटचं, आणि आजूबाजूला मैलोगणती ग्रॅनाइटचा डोंगर नाही, सगळा दगड बाहेरून आणलेला. नंदी मात्र नंतरचा, मराठ्यांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांच्या काळातला. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं मागच्या वेळी आमच्या गाइडनं सांगितलं होतं, आणि मी शाळेतल्या मुलांनाही ते सांगितलं होतं. त्या संध्याकाळी सावली चांगली लांबलचक अंगणात पसरली होती आणि तिच्यात लहान मुलं पकडापकडी खेळत होती. त्या मुलांना मी चुकीचं शिकवलं, हे मला लागलं. मंदिराला अशा दंतकथेची गरजही नाही.

संध्याकाळी पाचनंतर अंगणात सगळं गाव येतं. दगड निवलेला असतो. कुणी डबा उघडून दहीभात खातं, कुणी नुसतं बसून राहतं. हेच बघायला जायचं असेल तर संध्याकाळी जा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

जोत्यावर, खांबांवर, जिथे जागा मिळेल तिथे चोळकालीन तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. पुरातत्त्व शिकणारा एक मुलगा तिथे वहीत काही उतरवून घेत होता, त्यानं हौसेनं समजावलं. ही सगळी देवळाची हिशेबवही आहे. कुणी किती सोनं दिलं, दागिन्याचं वजन किती, दिव्याच्या तुपासाठी किती मेंढ्या कुणाकडे ठेवल्या. राजाची थोरली बहीण कुंदवै हिच्या देणग्याही त्यात आहेत. आणि राज्यातल्या वेगवेगळ्या देवळांमधून इथे आणलेल्या चारशे नर्तकींची यादी आहे. नुसता आकडा नाही, नावं. कुठल्या देवळातून आली, इथे कुठल्या आळीत कितवं घर दिलं. प्रत्येकीचा वाटा वर्षाला १०० कलम भात; कलम हे धान्याचं जुनं तमिळ माप. भाचीनं त्या ओळींवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. "मावशी, हजार वर्षांपूर्वीच्या नाचणाऱ्या बायकांचा पत्ता आहे हा," ती म्हणाली.

मग आम्ही नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे गेलो.

भिंत. ओळीमागून ओळ, देवनागरी. पहिल्यांदा डोळ्यांना विश्वास बसेना, कारण दोन दिवस सगळीकडे न वाचता येणारी अक्षरं बघून डोळ्यांनी वाचायचं सोडून दिलं होतं. आणि अचानक ही भिंत माझ्याशी बोलू लागली. भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथे कोरला आहे, बखरीच्या मराठीत. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस यांनी तो १८०३ साली लिहिला. काही अक्षरं झिजली आहेत, काही ठिकाणी ओळ तुटते, पण जिथे लागते तिथे सरळ वाचता येतं. मी एक-एक शब्द मोठ्यानं वाचत होते. थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं तर चार-पाच माणसं ऐकत उभी. त्यांतल्या एका आजोबांनी विचारलं, "मराठी?" मी मान डोलावली. ते तमिळमध्ये बाकीच्यांना काहीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. ही भिंत दोनशे वर्षं त्यांच्या देवळात आहे. ती कुणी खरवडली नाही, तिच्यावर चुना फासला नाही. वाचता येत नसतानाही त्यांनी ती सांभाळली. माझा गळा दाटून आला.

तरी एक मनापासून सांगते. दोन्ही लेख पाहिल्यावर राजराजाचा लेख मला मोठा वाटला. सरफोजीराजांनी आपल्या पूर्वजांची नावं कोरली, राजराजानं नर्तकींची घरं कोरली.

मराठी तिथे पोचली कशी, ते थोडक्यात सांगते, कारण शाळेत आम्हीही हे दोन ओळींत उरकायचो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, ज्यांना एकोजीही म्हणतात, ते विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत गेले आणि १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर ताब्यात घेतलं. १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती. मधल्या काळात राजांबरोबर कारकून गेले, कीर्तनकार गेले, पंडित गेले, आचारी गेले, समर्थ संप्रदायाचे मठ झाले. पण हे लोक तिथे मराठी गाव वसवून वेगळे राहिले नाहीत. दरबारात आधीपासून तेलुगू होती, गावात तमिळ होती, पूजेत संस्कृत होती. मराठी येऊन त्यांच्या पंगतीला बसली.

याचा पुरावा मला फार आवडतो. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी, राज्य १६८४ ते १७१२, स्वतः नाटकं लिहीत. त्यांनी मराठीत नाटकं लिहिली, तेलुगूत लिहिली. आणि 'पंचभाषाविलास' नावाचं एक नाटक लिहिलं, त्यात वेगवेगळ्या देशांच्या राजकन्या कृष्णाला वरायला येतात आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते. नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा आहेत. बघणाऱ्यांना या भाषा कमीजास्त कळत असणार, त्याशिवाय असं नाटक कोण लिहील? मी सांगलीची. दर ५ नोव्हेंबरला आम्ही रंगभूमी दिन साजरा करतो, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आमच्या गावात 'सीतास्वयंवर' केलं. त्याचा अभिमान मला आहे आणि राहील. पण त्याच्या सव्वाशे वर्षं आधी कावेरीकाठी मराठी नाटकं लिहिली जात होती, हे आमच्या भाषणांत यायला हवं.

पोंगलच्या सुट्ट्या संपल्यावर आम्ही राजवाड्यात गेलो. सरस्वती महाल ग्रंथालय तिथेच आहे. नायकांच्या वेळेपासूनचा संग्रह, पण तो वाढवला सरफोजीराजांनी. १८२० मध्ये ते काशीयात्रेला निघाले तेव्हाही वाटेत हस्तलिखितं जमवत गेले. संस्कृत पोथ्या सर्वांत जास्त, मग तमिळ, मराठी, तेलुगू. एकट्या मराठीचीच तीन हजारांवर हस्तलिखितं. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी आहेत, मोतीबिंदूचे उपचार, रोग्याच्या डोळ्याचं चित्र काढून. १८०५ मध्ये राजांनी देवनागरी छापखानाही काढला आणि तिथे ईसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. शिवाय भाचीच्या जिव्हाळ्याची गोष्ट अशी की आज भरतनाट्यमच्या रंगमंचावर अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम असतो तो घडवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ याच राजांच्या दरबारात होते. राजांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. तमिळ नर्तकी, तमिळ नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू, आणि पाय थिरकतायत मराठी शब्दांवर!

संग्रहालयाच्या एका काचेखाली मोडी कागद होता. मी वाकून वाचू लागले. सरांनी शिकवलेलं सगळं एकदम लागत नाही, पण 'राजश्री' लागलं, 'पैकी' लागलं, मग एक रक्कम लागली. तिथल्या दरबारी मोडी कागदांचे शेकड्यांनी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं त्यांतल्या पुष्कळ कागदांचं तमिळ भाषांतर छापलं आहे. म्हणजे तमिळ अभ्यासकांनी मोडी शिकून घेतली. आमच्या वर्गात सुरुवातीला बावीस जण होतो, शेवटी सात उरलो. त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यामुळे.

आता त्या घराची गोष्ट.

भाचीच्या नृत्याच्या बाईंच्या ओळखीनं आम्हाला तंजावरातल्या एका मराठी घरी बोलावणं होतं. जुनं घर, रस्त्याकडे ओटा, आत लाकडी खांबांचा चौक. घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि अकरा वर्षांचा नातू. आजींचं कुटुंब सात-आठ पिढ्या इथलं. महाराष्ट्रात त्या आयुष्यात एकदाच आल्या, पंढरपूरला. आजी मराठी बोलू लागल्या तेव्हा पहिली दोन वाक्यं मला कळलीच नाहीत. चढउतार सगळा तमिळचा आहे. मग कान बसला आणि शब्द सुटे होऊ लागले. एकेक शब्द माझ्या आजीच्या तोंडचा, मी कित्येक वर्षांत न ऐकलेला. मधेच त्या सुनेशी तमिळ बोलायच्या आणि त्यातही "जास्ती" हा शब्द यायचा.

जेवायला केळीची पानं. भात, सांबार, रसम, भाजी, आणि पानाच्या डाव्या बाजूला काहीतरी पांढरट. मी चाखलं आणि थांबले. डांगर! उडदाची डाळ भाजून दळलेली, दह्यात कालवलेली, वरून हिंगमोहरीची फोडणी. माझी आई उन्हाळ्यात करायची, कांदा घालून. ती गेल्यापासून मी केलेलं नाही. मी विचारलं, "आजी, हे काय?" त्या म्हणाल्या, "डांगर पच्चडी." अर्धं नाव माझं, अर्धं तिथलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. आजींनी काही विचारलं नाही, फक्त पानात आणखी एक चमचा वाढला.

सांबारचं नाव संभाजीराजांवरून पडलं आणि ते तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात पहिल्यांदा शिजलं, ही गोष्ट आपल्याकडे फार अभिमानानं सांगितली जाते. मी आजींना विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, आम्हीही ऐकून आहोत. पुरावा कुणी दाखवलेला नाही, म्हणून मी आता ती गोष्ट इतिहास म्हणून सांगणार नाही. ताटात डांगर असताना मला सांबारवर हक्क सांगायची गरज वाटली नाही.

जेवणानंतर आजी हरिकथेबद्दल बोलल्या. त्यांच्या वडिलांना फार नाद होता. एकोणिसाव्या शतकात रामचंद्र मोरगावकर बुवांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरला येऊन राहिले, त्यांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळे आपले छंद आहेत, शब्द तमिळ. आजींनी एक दिंडी म्हणून दाखवली. चाल ऐकताच मी मांडीवर ठेका धरला. सांगलीत संगीत नाटकं ऐकत मोठी झालेली मी, दिंडी माझ्या अंगात आहे. शब्द एकही कळत नव्हता.

मग त्यांनी देवघरातून एक वही आणली. आरत्यांची वही, त्यांच्या सासूबाईंच्या हातची. उघडली तर सगळी तमिळ अक्षरं. मराठी आरत्या, तमिळ लिपीत. घरात देवनागरी कुणाला येत नाही, आजींनाही नाही. मराठी त्यांच्या घरी तोंडातून तोंडात आली, कागदावर उतरली ती शेजारच्या लिपीत.

आणि तिथेच अडचण आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. आजींना पाठ असल्यामुळे त्या 'सुख'च वाचतात. नातू वहीत बघून वाचतो, तो 'सुक' वाचतो, कधी 'सुग'. 'घर' कधी 'कर' होतं. आजी दर वेळी थांबवून सांगतात. "मी आहे तोवर सांगेन," त्या म्हणाल्या, आणि वही मिटून मांडीवर ठेवली. तक्रारीचा सूर नव्हता. त्यामुळेच मला ते जास्त लागलं.

तमिळमध्ये संस्कृत स्तोत्रं छापताना एक युक्ती करतात, ती आजींच्या मुलानं दाखवली. 'क'च्या डोक्यावर बारीक आकडा घालायचा. २ म्हणजे ख, ३ म्हणजे ग, ४ म्हणजे घ. तसे आकडे या वहीवर कुणी घातलेले नव्हते. मी म्हटलं, मी घालून देते. बोलून गेले खरी, पण मला तमिळचं एकही अक्षर येत नव्हतं. तर त्या अकरा वर्षांच्या मुलानं मला ओट्यावर बसवलं आणि पाटीवर पहिलं अक्षर काढून दिलं. तीस वर्षं मी मुलांना हात धरून अक्षरं गिरवायला लावली. त्या दिवशी मी गिरवली.

बाकीचे दोन दिवस भराभर गेले. दारासुरमचं देऊळ बघितलं, बाराव्या शतकातलं, तंजावरहून लहान आणि कोरीव कामात अधिक नाजूक. त्याच गावात रेशमाचे माग आहेत आणि विणणारे लोक घरात सौराष्ट्री बोलतात. त्यांचे पूर्वज कैक शतकांपूर्वी गुजरातकडून आले. तमिळ नाव त्यांचं 'पट्टुनूलकारर', रेशमी सुताची माणसं. मागाच्या खटखटीत त्यांचं आपसांतलं बोलणं ऐकताना मधूनच ओळखीचा शब्द यायचा.

एका वीणेच्या कारखान्यातही थांबलो. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची, आणि उत्तम वीणा एकाच ओंडक्यातून कोरतात, ती 'एकांड' वीणा. मी मिरजेच्या तंबोऱ्यांबद्दल सांगितलं, आमच्याकडे तुंब्याला भोपळा लागतो, तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतो. कारागिरानं छिन्नी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, भोपळा तडकत नाही का? मी म्हटलं, तडकतो, म्हणून प्रवासात मुलासारखा जपावा लागतो. त्याला ते फार पटलं.

आणि ओरत्तनाड. तंजावरपासून वीस-पंचवीस किलोमीटर, रिक्षा करून गेलो. तिथे मुक्तांबाळ छत्र आहे. सरफोजीराजांनी आपली लाडकी प्रेयसी मुक्तांबाळ हिच्या नावानं बांधलेली धर्मशाळा, रामेश्वरच्या वाटेवर. दगडी जोत्यावर घोडे आणि हत्ती कोरलेले, बरीच पडझड झालेली. भोसल्यांनी या वाटेवर अशी कितीतरी छत्रं बांधली. १८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रं चालू राहू द्या म्हणून विनवलं. तिथे काय चालतं ते त्यात सांगितलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला, कुठल्याही जातीचा असो, शिजवलेला भात. शिजवलेलं चालत नसेल त्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची सोय, वाटेत आईबाप गेलेल्या पोरांना शिक्षण. आणि मध्यरात्री घंटा वाजवायची, कुणी उपाशी राहिला असेल तर त्यानं यावं म्हणून.

माझे पणजोबा काशीची गंगा घेऊन पायी रामेश्वरला गेले होते. त्यांचा तांब्याचा गडू अजून आमच्या देवघरात आहे. महाराष्ट्रातून रामेश्वरला जाणाऱ्यांची ही वाट. मी त्या छत्राच्या पायरीवर बसले. बाजूला शाळा सुटली होती, निळ्या गणवेशातल्या मुली सायकली हातात धरून बोलत चालल्या होत्या. भाची म्हणाली, "मावशी, निघायचं?" मी म्हटलं, थांब जरा. घंटा कुठे टांगत असतील ते बघत होते.

निघायच्या दिवशी आजींनी डांगराच्या पिठाची पुडी दिली. वही त्यांनी दिली नाही, आणि मी मागितलीही नाही. नातू रोज दोन पानांचा फोटो पाठवतो. मी ते छापून घेते, तमिळ ओळीवर लाल पेनानं बारीक आकडे घालते, आणि खाली देवनागरीत तीच ओळ लिहिते. सुरुवातीला एका पानाला दोन तास लागत. आता पाऊण तासात होतं. अडलं की त्याला फोन करते, तो अक्षर सांगतो, मी उच्चार सांगते. काल गणपतीची आरती संपली. 'ख' आला की डोक्यावर २, 'घ' आला की ४. विठ्ठलाची आरती परवा येणार आहे, तिची पानं जरा फाटली आहेत म्हणतो.